खरकडांड्याची भिंत कुणी पुसली?

१

सकाळी साडेनऊला बेनीच्या नकाशा कचेरीत भिंत नाहीशी झाल्याची ओरड उठली.

भिंत काही खिशात घालून नेण्यासारखी नव्हती. सहाशे मीटर लांब, माणसाच्या डोक्याहून उंच, तारेच्या जाळ्यांत दगड भरून रचलेली. खरकडांडा गावाच्या त्रेसष्ट घरांनी दोन हिवाळे खपून ती गावाच्या माथ्यावर उभी केली होती. वरच्या ओढ्यातून चिखलदगडांचा लोंढा सुटला, तर तो घरांवर न येता बाजूच्या घळीत वळावा, एवढ्याचसाठी.

हिवाळ्याच्या तोंडाशी, मंगसिरात, ड्रोनने सगळ्या खोऱ्याची मोजणी झाली होती. आज त्या मोजणीचा डोंगर मोठ्या स्क्रीनवर उभा होता. ओढा होता, गाव होतं, शेतं होती. भिंतीच्या जागी मात्र नुसता गुळगुळीत उतार होता.

भांडार सांभाळणारा जुद्धबीर पुन तेवढ्यात वायरींचं भेंडोळं घेऊन आत आला आणि दारातच थबकला. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"दोन वाजता जिल्ह्याची समिती येतेय," कचेरीचे हाकिम अच्युत रिमाल म्हणाले. त्यांचा उजवा हात माउसवर होता आणि तो हात कधीच स्वस्थ नसायचा. बोलता बोलता त्यांनी डोंगर भोवऱ्यासारखा फिरवला, जवळ आणला, लांब नेला, पुन्हा फिरवला. "समितीपुढे मी काय ठेवू? सुनकेसरी, तुझ्या अहवालात भिंत आहे. या मोजणीत नाही. दोन्ही खरं कसं असेल?"

सुनकेसरी घर्ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ड्रोन उडवणारी तीच, आणि खरकडांड्याची लेकही तीच. "सर, मी त्या भिंतीवर उभी राहून ड्रोन उडवलाय. टोकावर बसून चिउरा खाल्लाय."

"समितीला चिउरा दाखवू का मग?"

कोपऱ्यात निर्मल खत्री बसला होता. गावं उठवून दुसरीकडे वसवायचे आराखडे करणारा इंजिनियर. तो सावकाश म्हणाला, "बहिनी, गेल्या पावसात, भदौच्या पुरात भिंत वाहून गेली असेल. तुझ्याकडचे फोटो त्याआधीचे. माया असते गावाची, समजतं मला."

"माया माझी असेल, डोळे तर तुमचेही आहेत ना? येऊन बघायचं होतंत!"

"रस्ता तुटलाय. दीड दिवसाची चाल आहे."

रिमालांनी हात वर केला. "पुरे. या मोजणीवरून लोंढ्याचा हिशेब मी काल केला. लोंढा सरळ गावावर येतो. गाव लाल. समितीने सही केली की पावसाआधी त्रेसष्ट घरं नदीकाठच्या बगरावर जातील." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि खोटा अहवाल दिल्याबद्दल तुझी चौकशी होईल. मला आनंद नाही त्यात."

बगर म्हणजे नदीने आणून टाकलेली वाळू. तिथे मका येत नाही, हे सुनकेसरी सांगणार कुणाला? ऐकणारं कुणी नव्हतं.

जुद्धबीरने वायरी टेबलावर ठेवल्या. "हाकिमसाहेब, दोन वाजेपर्यंत मी जरा चार जणांशी बोलू का?"

"तुम्ही? कशाला?"

"या मोजणीच्या फाइलीची डबी माझ्या भांडारात असते. भिंत डबीतून गेली असेल, तर चोरी माझ्या घरात झाली."

२

जुद्धबीरने आयुष्याची चौतीस वर्षं मोजणीची काठी धरली होती. तीन मीटरची, लाल-काळ्या खुणांची काठी. साहेब दुर्बिणीतून बघायचे, हा काठी टेकवून उभा राहायचा. आता गुडघे गेले म्हणून कचेरीने त्याला भांडार सांभाळायला बसवलं होतं. तिथे जुन्या काठ्या होत्या, छत्र्या होत्या, आणि एका लोखंडी पेटीत मोजणीच्या फाइलींच्या डब्या, म्हणजे हार्ड डिस्क. खोऱ्याची डबी काळी होती. तिला सुनकेसरीने चिकटवलेला कागद अजून तसाच होता.

"बाजे, ही डबी बाहेर कुणी नेली होती?" सुनकेसरी त्याच्यामागे भांडारात आली होती. कचेरीतली पोरं त्याला बाजे, म्हणजे आजोबा, म्हणायची.

"खत्रीसाहेबांनी. गेल्या आठवड्यात, दोन दिवस."

"मग झालंच की! नदीकाठच्या वस्तीचं काम त्यांच्याच कंपनीला मिळणार. भिंत असली तर काम गेलं."

"गोड आहे बाई तुझा राग. पण आधी मला सांग, या कागदावर काय लिहिलंयस?"

"तारीख. फाइलीचं वजन, म्हणजे किती जीबी ते. आणि ठिपके किती ते. बाजे, ड्रोन खाली लेझर सोडतो. जिथे तो आपटतो तिथला एक ठिपका, उंचीसकट. असे एकशे ऐंशी कोटी ठिपके. त्यांचा मिळून हा डोंगर."

"म्हणजे एकशे ऐंशी कोटी वेळा काठी टेकवली म्हण की!"

ती पहिल्यांदा हसली. "हो. तुमच्याहून जरा चपळ आहे इतकंच."

"गुडघे नसतील त्याला."

त्याने तिला डबी लावून बघायला सांगितली. साठ जीबी आणि पुढे जे आकडे होते, ते शेवटच्या अंकापर्यंत कागदावरच्यासारखेच निघाले. ठिपकेही तेवढेच. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"पोत्यातून कुणी धान्य काढलं तर पोतं हलकं होतं," जुद्धबीर म्हणाला. "हे पोतं भरलंय तसंच आहे. खत्रीने काही काढलेलं नाही."

सुनकेसरी मटकन स्टुलावर बसली. तिच्याकडे तेवढा एकच चोर होता, आणि तोही निसटला. "मग बाजे, भिंत खरंच वाहून गेली म्हणायची? मंगसिरात मी पश्चिमेच्या टोकावर होते. पूर्वेचं टोक धुक्यात होतं. पण सगळीच कशी जाईल?"

टेबलावर कालचा छापील नकाशा पडला होता, त्यावर जुद्धबीर वाकला होता. भिंत असायला हवी त्या उतारावर सहा बारीक ठिपके होते, मोहरीएवढे.

"हे काय?"

"सर म्हणतात, सुटे धोंडे असतील."

"सहा धोंडे, आणि सगळे एका रेषेत?" जुद्धबीरने नकाशा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "शिलाई उसवली की मधे मधे टाके राहतात बघ, तसं दिसतंय हे."

३

सरोज महर्जन कचेरीतली कॉम्प्युटरं सांभाळायचा. पाटणचा पोरगा, तोंडाळ, दिवसभर गाणी गुणगुणणारा. आज तो गप्प होता. पंख्याखाली बसूनही त्याच्या कपाळावर घाम होता.

"फाइलीला मी हात लावला नाही बाजे," त्याने विचारायच्या आधीच सांगितलं.

"मी कुठे म्हटलं लावलास म्हणून?"

"नाही, तुम्ही सगळ्यांना विचारताय असं ऐकलं."

"मी तुला दुसरंच विचारायला आलोय. तो डोंगर मला दाखव. मला मोठ्या साहेबांसारखा फिरवता येत नाही, तूच दाखव."

सरोजने खोरं उघडलं. जुद्धबीर चष्मा पुसून पुढे सरकला. त्याने बोटाने नदीचा माग धरला, वळणावळणाने वर गेला आणि एके ठिकाणी बोट थांबवलं.

"इथला झुलता पूल कुठाय?"

"कुठला पूल?"

"अरे, मी आठ दिवसांपूर्वी त्याच्यावरून चालत आलोय, बहिणीकडून. पाठीवर बटाट्याचं पोतं होतं. पूल नव्हता तर मी काय उडत आलो?"

सरोजने स्क्रीनकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. जुद्धबीरचं बोट वर सरकलं.

"आणि ही शेतं बघ. खरकडांड्याची शेतं म्हणजे पायऱ्या. मी त्या चढून चढून गुडघे घालवले. इथे नुसती घसरगुंडी आहे. भदौच्या पुराने भिंत नेली, समजू. पूल नेला असता तर मी पडलो असतो. आणि पायऱ्या? पूर काय शेतांना इस्त्री करत हिंडला?"

सरोजला हसू आलं आणि त्याच हसण्यात त्याचा धीर सुटला. त्याने दार ढकलून बंद केलं.

"बाजे, मी सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"नाही सांगितलंस तर एक गाव जाईल."

४

झालं होतं ते असं. संक्रांतीच्या आधी काठमांडूहून पाहुणे आले होते. रिमालांनी सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत खोरं उघडलं, आणि चित्र जे गोठलं ते अकरा मिनिटं हललं नाही. कचेरीचं कॉम्प्युटर जुनं. एकशे ऐंशी कोटी ठिपके त्याच्या गळी उतरणार कसे? पाहुण्यांनी घड्याळं बघितली, एक जण चक्क घोरला. पाहुणे गेल्यावर रिमालांनी सरोजला असं काही सुनावलं की खालच्या चहावाल्या साउनीने वर येऊन विचारलं, कुणी वारलं का म्हणून.

"त्या सॉफ्टवेअरमधे एक मर्यादा ठरवता येते," सरोज म्हणाला. "एका वेळी किती ठिपके दाखवायचे त्याची. मी ती खाली आणली. दहा लाख."

"एकशे ऐंशी कोटींतले दहा लाख."

"चित्र लोण्यासारखं फिरायला लागलं बाजे! सर इतके खूश झाले की मला सेल रोटी आणि आलूचना खायला घातला. मग सांगू कसं? आणि फाइलीला मी खरंच हात लावला नाही. ठिपके सगळे आहेत. फक्त दिसत नाहीत."

जुद्धबीरला तीस वर्षांपूर्वीचा एक साहेब आठवला. त्या साहेबाला घरी जायची घाई होती, म्हणून दर पंचवीस पावलांऐवजी दर दोनशे पावलांवर काठी टेकवायला सांगितली. नकाशावर सपाट माळ आला. दोन काठ्यांच्या मधे एक घळ होती, तिच्यात पुढे खेचरांचा तांडा अंधारात कोसळला. काठी जिथे टेकली तेवढंच नकाशाला कळतं, हे जुद्धबीर त्या दिवशी शिकला होता.

"दहा लाखांत सगळं खोरं बसवायचं म्हणजे दोन ठिपक्यांत अंतर किती पडतं?"

सरोजने हिशेब केला. "सुमारे बारा मीटर."

"आणि भिंत किती रुंद?"

"दीड मीटर." सरोजचा आवाज बारीक झाला. "ठिपके तिच्या अल्याडपल्याड पडले. सहाच तेवढे नेमके तिच्या माथ्यावर बसले."

"तेच आपले टाके. पण एक गाठ अजून सुटत नाही. हाकिमसाहेब सांगतात, मी गावाजवळ जाऊन बघितलं, तरी भिंत नाही. जवळ गेल्यावर तेच दहा लाख ठिपके थोड्याशा जागेत मावतील ना? मग भिंत दिसायला हवी."

सरोज गोंधळला. "हवी खरी. का नाही दिसली, मलाही कळलेलं नाही."

दाराबाहेरून रिमालांचा आवाज आला. ते कुणाला तरी डोंगर दाखवत होते. माउसची टकटक इथपर्यंत ऐकू येत होती, पावसासारखी, न थांबणारी.

जुद्धबीरने तिकडे कान दिला. मग तो हळूच म्हणाला, "सरोज, खाली साउनीला सांग, दोन वाजता वर चहा लागेल. काचेच्या पेल्यात, अगदी उकळता. आणि हाकिमसाहेबांना दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा मोठा पेला आण."

५

समितीत तिघे होते. मधे बसलेल्या जिल्ह्याच्या प्रमुख बाई, दमयंती थापा, रस्ता तुटल्यामुळे दोन तास चालून आल्या होत्या आणि बूट काढून पाय चोळत होत्या. लाल नकाशा टेबलावर होता. त्याच्या शेजारी पेन होतं.

"भिंत नाही ना? मग कुठे सही करायची तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, एक चहा होईपर्यंत थांबाल?" जुद्धबीर दारातून म्हणाला.

रिमाल चमकले. "जुद्ध दाज्यू, हे काय आता?"

"चोर सापडलाय हाकिमसाहेब. दोन आहेत. एकाचं नाव मी सांगणार नाही, तो स्वतः सांगेल. दुसरा तुमचा उजवा हात."

रिमालांचा हात माउसवर होता, आणि डोंगर अजून फिरत होता.

"तुम्ही गावाजवळ जाता, पण थांबत नाही. ही डबी जुनी, कॉम्प्युटर त्याहून जुनं. डोंगर फिरत असला की ते घाईघाईत मोजके ठिपके टाकून वेळ मारून नेतं. थांबलं की मग एकेक ठिपका डबीतून काढून आणतं, माझ्यासारखं, गुडघे धरत धरत. तुम्ही त्याला कधी पोचूच दिलं नाही. गावावर जा, आणि हा पेला धरा. दोन्ही हातांनी."

"आणि पहिला मी," सरोज पुढे आला. "सर, मर्यादा मी कमी केली होती. संक्रांतीपासून. तुमच्या भीतीने."

रिमालांनी त्याच्याकडे पाहिलं. काही तरी कडक त्यांच्या ओठांवर आलं. मग त्यांनी दमयंती थापांकडे पाहिलं, लाल नकाशाकडे पाहिलं, गाव जवळ आणलं आणि निमूटपणे पेला दोन्ही हातांत घेतला.

कुणीच हललं नाही. स्क्रीनवर तोच गुळगुळीत उतार. एक मिनिट गेलं. खत्रीने घसा खाकरला. रिमालांची बोटं पेल्याभोवती चुळबुळत होती. "ठेवा तसेच," जुद्धबीर म्हणाला.

आधी शेतांना कडा फुटली. घसरगुंडीवर एक पायरी उमटली, मग दुसरी, मग डोंगरभर पायऱ्याच पायऱ्या. घरांच्या ढेकळांना छपरं आली. आणि गावाच्या माथ्यावर मोहरीच्या सहा दाण्यांच्या मधे सातवा दाणा पडला, आठवा पडला. एक रेघ पश्चिमेकडून सरकत निघाली, सावकाश, कुणी दगड रचत यावं तशी.

"आमची भिंत," सुनकेसरी म्हणाली.

पण रेघ पूर्वेच्या टोकाला पोचण्याआधी तुटली. सगळे वाट पाहत राहिले. मधली जागा भरली नाही. पलीकडे भिंत पुन्हा सुरू झाली होती. मधे खिंडार होतं.

खत्री उठून उभा राहिला. "बघा! मी म्हणत होतो, पुराने नेली."

"अकरा मीटर नेली," सरोजने मोजून सांगितलं. "सहाशेतले अकरा."

सुनकेसरीने ते खिंडार डोळे भरून पाहिलं. लपवून तिला चालणार नव्हतं, आणि तिने लपवलंही नाही. "मला माहीत नव्हतं. लोंढा आला तर इथूनच घुसेल. खाली माझ्या काकांचं घर आहे."

"म्हणजे हे यंत्र तुझ्या बाजूचं नाही आणि माझ्याही नाही," दमयंती थापा म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "रिमाल, नकाशा काढायला तुम्ही कुठली मोजणी वापरली?"

"स्क्रीनवर दिसत होती ती." रिमालांनी पेला खाली ठेवला. हात भाजून लाल झाले होते. "दिसेल तेवढंच उतरवून घेतलं. सगळ्या ठिपक्यांचा हिशेब करायला रात्रभर लागतो, म्हणून. चूक माझी आहे. त्या मुलीची नाही, आणि सरोजचीही नाही. भीती मी घातली होती."

"मग हा कागद बाद. फक्त गावापुरता तुकडा कापा, सगळ्या ठिपक्यांनिशी, आणि पुन्हा हिशेब करा. तोवर गावाला कुणी हात लावणार नाही. खिंडार असेल तोपर्यंत गाव पिवळं. वैशाख संपेपर्यंत बुजवलंत आणि पुन्हा मोजून दाखवलंत, तर पुढचं बोलू. बुजवाल?"

"दोन हिवाळे खपून सहाशे मीटर रचलीय बाईसाहेब," सुनकेसरी म्हणाली. "अकराचं काय घेऊन बसलात!"

६

वैशाखाच्या चोविसाव्या दिवशी ती गावाहून परतली. उन्हाने काळवंडलेली, तळहातांना तारेचे ओरखडे. तिने छोटी डबी जुद्धबीरच्या टेबलावर ठेवली. चिकटवलेल्या कागदावर तारीख, वजन, ठिपके, सगळं होतं.

मोठ्या खोलीत रिमालांनी फाइल उघडली, गावावर गेले आणि माउस स्वतःच लांब सारला. "सरोज, साउनीला चहा सांग."

"मोठा पेला सर?"

"गप रे."

सगळे पेले धरून बसले. पायऱ्या आल्या, छपरं आली, रेघ पश्चिमेकडून निघाली आणि न तुटता पूर्वेच्या टोकाला जाऊन टेकली. दमयंती थापांनी पाठवलेला कोरा नकाशा टेबलावर होता. रिमालांनी हिरवी पेन्सिल शोधायला खण उघडला.

"थांबा हाकिमसाहेब," जुद्धबीर म्हणाला. "अजून येतंय काहीतरी."

भिंतीच्या माथ्यावर, तिच्याहूनही उंच, बारीक बारीक खुंट्या उमटत होत्या. एक, मग थोड्या अंतरावर दुसरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक खुंटी इतरांच्या कमरेएवढीच होती. एका खुंटीच्या पाठीवर गाठोड्यासारखं काहीतरी होतं.

"हे काय गं?" रिमाल पुढे वाकले. "खांब रोवले की काय?"

सुनकेसरी लाजली. "नाही सर. आमचे बा म्हणाले, मागच्या खेपेला यंत्राला भिंत दिसली नव्हती ना, म्हणून या खेपेला दर घरटी एक माणूस वर उभा राहील. ड्रोन जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. म्हातारी ठुलीआमा तर नातवाला पाठीशी बांधून उभी होती."

जुद्धबीर स्क्रीनपाशी गेला. चौतीस वर्षं त्याने हेच केलं होतं, काठी धरून न हलता उभं राहायचं. बोट टेकवत टेकवत तो पश्चिमेकडून मोजत गेला. कुणी माउसला हात लावला नाही. पूर्वेच्या टोकाला पोचला तेव्हा त्याचा चहा निवला होता.

"त्रेसष्ट," तो म्हणाला. "सगळे आहेत."